इमारत क्रमांक सातच्या मागची माती

पहिल्याच घावाला फावडं रुतलं
आणि मी मोकळ्या हातानं घरी आलो.
दांडा दोन दिवस तिथंच उभा,
कुणी लावून विसरल्यासारखा.

मुलुंड पूर्व. खाडी इथून नऊ मिनिटांवर,
पण उधाणाच्या रात्री तिचा वास जिना चढतो.
बत्तीस वर्षं मी पालिकेत चावीवाला होतो.
पहाटे साडेचारला रस्त्यातलं झाकण उचलायचं,
लोखंडी चावी घालायची, बावीस आटे,
की दोन गल्ल्या पलीकडे कुणाची तरी बादली वाजू लागायची.
पाण्याला वाट कशी द्यायची ते मला शिकवू नका,
असं मी सोसायटीच्या सभेत म्हणालो होतो.
इतिवृत्तात आहे.

तर ही माती.
जुलैत पाय ठेवावा तर चप्पल ठेवून घेते.
मे महिन्यात मनगट जाईल एवढ्या भेगा;
एकीत मला कालवाची शिंपली सापडली,
तोंड घट्ट मिटलेली.
ओली असताना वळली तर दोरी होते,
दोरीचं कडं होतं, कडं तुटत नाही.
खतांच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
काका, कडं झालं ना? मग झालंच.

वाळू मिसळली. वीट झाली.
शहाळ्यांचा काथ्या कुटून घातला, भुसा घातला,
जिप्समची दोन पोती आणली रिक्षानं,
रिक्षावाल्यानं सीट पांढरी झाली म्हणून वेगळे पैसे घेतले.
गुलाब पिवळा पडला, मग काळा.
लिंबाच्या आळ्यात जे पाणी बसलं
ते अनंत चतुर्दशीपर्यंत उठलं नाही.
मी काठी घालून खोली बघायचो.
रोज, साडेचारला.

चौथ्या मजल्यावरच्या चांगूबाई भोईर
गॅलरीतून हे सगळं बघत असणार.
दिवाळी झाल्यावर एका सकाळी उतरल्या,
चपला काढून पायरीवर जोडीनं ठेवल्या
आणि थेट माझ्या वाफ्यात उभ्या राहिल्या.

"ही आमची," म्हणाल्या.
मालकी सांगत नव्हत्या. ओळख पटली होती.
सात वर्षांच्या होत्या तेव्हापासून मिठागरात, बापाबरोबर.
पाऊस गेला की बाराजणी एका रांगेत,
हात एकमेकींच्या खांद्यांवर,
टाच, चवडा, टाच,
वाफ्याचा तळ तुडवायचा, परत तुडवायचा,
घागर उपडी केली तरी थेंब खाली जाता कामा नये.
"पानी झिरपला त मीठ पिकल कवा?
आन तू तिला भोका पारतंस."

बोलता बोलता त्यांनी पाय उचलला. ठेवला.
ऐंशी ओलांडलेला पाय, पण त्याला सगळं पाठ.
माझ्या महिनाभराच्या खणण्यावरून
एक गुळगुळीत वाट निघाली
ती लिंबाच्या आळ्यापर्यंत.
मला राग यायला हवा होता.
मी खांदा पुढे केला.

गुलाबाच्या जागी आता अळू आहे, मांडीला लागतं.
कर्दळ आहे, केळीचं एक पिल्लू आहे.
लिंबू गच्चीवर, कुंडीत, विकतच्या लाल मातीत,
आणि अजून रुसलेलं.
आषाढात सगळ्या मजल्यांवर फदफदं गेलं.
दोघांचा घसा खाजला; तेही इतिवृत्तात आलं.

चांगूबाई लेकीकडे उरणला असतात हल्ली.
त्यांचा एक पाय मात्र राहिलाय,
डावा, पट्टीच्या टोकाला, जिथं मी काही लावत नाही.
दोन उन्हाळ्यांनी भाजून पक्का झालेला.
परवा त्यात टाचेच्या कडेनं
बारीक पांढरी रेघ दिसली.

वाकलो. बोटानं टिपली.
वर गॅलरीत दीक्षित दात घासत उभे होते.
त्यांच्याकडे न बघता
बोट चाटलं.